तोड्याखालचे तांदूळ

१

डब्याचं झाकण काढलं, तर आत नुसतं तांबडं फडकं. तोडा नव्हता. तोड्याखाली पसरलेले तांदूळही नव्हते.

मी फडकं उचललं, झटकलं, परत घडी घालून ठेवलं. सूर्याला अर्घ्य देईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा माझा रोजचा नेम. अर्घ्य नुकतंच झालं होतं, म्हणजे मी बोलायला मोकळी होते. ओसरीवर बसलेल्या यजमानांना एवढंच म्हटलं, "आवं, जरा आत या."

आम्ही पाटणकडचे. कोयनेच्या काठी ऊस, भात आणि घरटी एक माणूस फौजेत. माझे यजमान लालासाहेब सुभेदार होऊन घरी परतलेले. नांदवेळ हे समुद्रकाठचं गाव, घाट उतरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गाव लहानसंच. जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, नारळी-पोफळीच्या वाड्या, दीपमाळ असलेलं शंकराचं देऊळ आणि टेकडीवर पडक्या तटाचा किल्ला. त्या किल्ल्यावर आमच्या घराचा मूळपुरुष सयाजी पहाऱ्याला होता आणि तिथंच लढाईत पडला. टेकडीच्या पायथ्याशी, समुद्रात घुसलेल्या काळ्या खडकाच्या पलीकडं त्याची समाधी आहे. किल्ल्यावरून खाली उतरायला वाट नाही. समुद्राच्या वाळूवरून, खडकाला वळसा घालूनच जावं लागतं.

घर सोडून गेलेल्या सयाजीला पुन्हा घरचं काही कळलं नाही. म्हणून दर बारा वर्षांनी आमच्यातलं कुणीतरी जाऊन त्याला घरची खबर सांगतं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण चाकरीला लागलं. सांगणाऱ्यानं सयाजीला बक्षीस मिळालेला चांदीचा तोडा दोन्ही हातांत धरायचा. तोडा हातात असताना खोटं बोलायचं नाही. आणि एकदा सांगितलेली खबर मागं घेता येत नाही, ती कायमची. हा तोडा एरवीही उघड्या जागी ठेवत नाहीत, मूठभर तांदळावरच ठेवतात.

यंदा मान होता वीरधवलचा. तो माझे चुलतदीर बाळासो यांचा मुलगा, फौजेत नुकतीच निवड झालेला. तो आणि बाळासो भावजी, आम्ही दोघं, आमची लेक शिवांजली आणि गाडी चालवायला निजामभाई, अशी आम्ही सहा माणसं आदल्या संध्याकाळी पारकरबाईंच्या घरी उतरलो होतो. दुपारी नैवेद्याच्या वेळी खबर सांगायची होती.

रिकामा डबा बघून बाळासो भावजींचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. गाडीवाला बाहेर झोपला होता, घरमालकीण घरात वावरते, आधी त्यांच्या पिशव्या बघा, म्हणाले. निजामभाई दारातच उभे होते. वीस वर्षं आमच्या घरी येणारा माणूस. ते शांतपणे म्हणाले, "बघा की. गाडीची डिकीबी उघडून ठिवतो."

मी म्हटलं, "भावजी, थांबा. परक्यानं चांदी उचलली असती. तांदूळ कशाला नेले असते?"

तोडा तांदळावाचून ठेवायचा नाही, हे पाळणारा माणूस घरातलाच. मला वाटलं, निदान एका गरीब बाईवरचा आणि निजामभाईंवरचा आळ टळला. पण मान वर केली तेव्हा दिसलं, सगळ्यांच्या नजरा माझ्या लेकीकडं वळल्या होत्या.

२

त्याला कारण होतं आदल्या संध्याकाळचं.

जेवणाआधी यजमानांनी वीरधवलकडून खबरीची उजळणी करून घेतली होती. बारा वर्षांतले जन्म-मृत्यू पोरानं न अडखळता सांगितले. कोण कुठल्या पलटणीत, कोण पेन्शनीत आलं, तेही. स्वतःच्या नावाशी आला आणि त्याला ठसका लागला. पाणी पिऊन आला, तोवर पारकरबाईंनी ताटं मांडली होती, आणि उजळणी तिथंच राहिली.

शिवांजलीनं मात्र सगळं कान देऊन ऐकलं होतं. ती कराडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं विचारलं, यात माझं नाव कुठं आहे? यजमान म्हणाले, लेकींची खबर त्यांच्या सासरची. ती म्हणाली, मला सासर नाही अजून. बाळासो भावजी हसले आणि म्हणाले की मग घाई कर. तेव्हा ती ताटावरून उठता उठता बोलून गेली, "एक दिवस मीच उचलते तोडा. बघू कोण अडवतंय."

पोरीची जात बोलते एक आणि मनात असतं एक. पण बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

आता मी तिला सगळ्यांदेखत विचारलं. माझीच लेक म्हणून सोडलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. पहाटे कुठं होतीस?

ती म्हणाली, समुद्र बघायला गेले होते. वाडीच्या टोकाला दगडी पायऱ्या आहेत, तिथून पुळणीच्या वाळूवर उतरतात. पण उतरताच आलं नाही. "वाळू नव्हतीच, आई. पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. गुडघ्यापतूर भिजले, जरा येळ बसले आणि माघारी आले."

तेवढ्यात वाडीचं फाटक वाजलं आणि वीरधवल आत आला. हातात खराटा होता. काय झालं ते ऐकून तो उभ्या जागी पांढरा पडला. भावजींनी त्यालाही तेच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मी तर उजाडायच्या आधीच समाधीकडं गेलतो. झाडलोट कराया. वाळूवरनं चालत गेलो, चालत आलो."

"वाळू हुती?" भावजींनी विचारलं.

"व्हय. खडकापतूर समदी मोकळी."

एकाच पहाटे, एकाच जागी, एकीला पाणी दिसलं आणि एकाला वाळू. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. आणि भावजींकडं पुरावा निघाला.

३

पुरावा म्हणजे फोटो. आठवड्यापूर्वी वीरधवल एकटाच येऊन राहण्याची सोय बघून गेला होता. तेव्हा पहाटे समाधीकडं जाताना त्यानं काढलेला फोटो भावजींच्या मोबाइलवर होता. त्यांनी तो सगळ्यांसमोर फिरवला. अंधूक उजेड, लांबच लांब उघडी वाळू, काळा खडक अगदी कोरडा, आणि समुद्र कुठच्या कुठं मागं.

"येळ बी तीच, जागा बी तीच," भावजी म्हणाले. "रात्री पाणी आत येतं, उजाडताना भाईर जातं. काल सांजच्याला आपण आलो तवा बगितलं न्हाई व्हय, पाणी चढलेलं? ह्या पोरीनं समुद्र बगितलाच न्हाई. तोडा कुठंतरी दडवून आली आन् पाय नळाखाली भिजवले."

आम्हा घाटावरच्या माणसांना ते पटण्यासारखं होतं. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीला लाइट येते तीही अशीच पाळीनं, आठवडा रात्रीची, आठवडा दिवसाची. समुद्राचीही तशीच ठरलेली पाळी असणार. मलाही दुसरं काही सुचलं नाही.

भावजी यजमानांकडं वळले. मोठे तुम्ही, न्याय तुम्ही करा, म्हणाले. नैवेद्यापर्यंत तोडा जागेवर आला तर ठीक. नाही आला, तर खबर तोड्यावाचून सांगायची, आणि त्यात हीही सांगायची, की ह्या घरातल्या लेकीनं सयाजीचा तोडा चोरला.

यजमानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. फौजेतला माणूस. स्वतःच्या लेकीसाठी नियम वाकवणं त्यांना जमलं नसतं, हे मला ठाऊक होतं. शेवटी त्यांनी मान हलवली.

शिवांजली माझ्याकडं बघत होती. उद्या ती कराडला जाईल, रुग्णांच्या उशाशी उभी राहील, लग्न होऊन दुसऱ्या घरी नांदेल. पण इथं ती चोर म्हणून सांगितली जाईल, आणि बारा वर्षांनी येणारा पोरगा उजळणी करताना तिचं नाव तसंच पाठ करेल. तिनं हळू विचारलं, "आई, तुला तरी पटतंय का?"

मी रिकामा डबा झाकायला वळले. कारण पहाटे मौनात विहिरीवर पाणी काढताना, डोक्यावर अर्धा चंद्र असताना, मी तिला फाटकातून आत येताना पाहिलं होतं. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि ओढणी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली.

४

देवाला दिवा लावला आणि मनात म्हटलं, खरं काय ते मला बघायचं बळ दे, ते कुणाच्या बाजूचं का असेना. मग उठले.

पहिल्यांदा निजामभाईंकडं गेले. ते गाडीची डिकी खरंच सताड उघडी टाकून बॉनेटवर बसले होते. रागावलेले होते, पण माझ्यावर नाही. त्यांनी सांगितलं, की ते फाटकापाशी गाडीतच झोपले होते. फाटकाच्या कुरकुरीनं जाग आली तेव्हा शिवांजली बाहेर पडत होती. थंडी होती म्हणून कानाला ओढणी गुंडाळली होती आणि हात मोकळे हलवत चालली होती. तांदळासकट तोडा नेणारं माणूस असं हात हलवत चालत नाही, एवढं ते म्हणाले. आणि वीरधवल? तो जाताना दिसलाच नाही. "मला जाग यायच्या आत गेला आसंल, न्हाईतर मागच्या बाजूनं. पर मागची वाट देवळाकडं जाती, वहिनी, समुद्राकडं न्हाई."

हे ऐकून मी ओसरीच्या पायरीशी आले. चपला ओळीनं होत्या. वीरधवलच्या चपलांना तांबडी माती होती, गावातल्या वाटांची. वाळू नव्हती. पण वाळूत माणूस चपला हातात घेऊन चालतो, तेव्हा त्यावरून काही ठरत नव्हतं.

मग भावजींशी बोलले. ते मला टाळत नव्हते, उलट त्यांना बोलायचंच होतं. पोराची निवड झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी त्यांनी गावभर पेढे वाटले. येताना घाटात चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्यालाही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. तेव्हा वीरधवल गाडीचे टायर बघायला निघून गेला होता. भावजी म्हणाले, "वहिनी, मी शिपाई व्हायाला गेलतो, छाती मापात भरली न्हाई. पोराची भरली. आज सयाजीला ते सांगायचं हुतं. तुमच्या पोरीनं माझा दिस नासला." हा माणूस तोडा लपवणार नाही, हे मला तिथंच कळलं. आजच्या दिवसाची त्यांच्याइतकी वाट कुणीच पाहिली नव्हती.

नैवेद्याची तयारी लागली होती. पारकरबाईंच्या चुलीवर मी आमच्या पिठाच्या भाकरी थापल्या. सयाजीला पक्वान्न चालत नाही. भाकरी, ठेचा, कांदा, शिपायाचं जेवण. भाकरी फडक्यात बांधल्यावर भावजी म्हणाले, चला, आधी जागा बघून येऊ, म्हणजे तुमची खात्री पटंल.

त्यांच्या मागोमाग मी वाडीच्या टोकाला गेले. पायऱ्यांवर उभी राहिले आणि माझा धीरच सुटला. समोर वाळूच वाळू होती. पार खडकापर्यंत, कोरड्या पटांगणासारखी. जिथं पाणी आपटत होतं म्हणून माझी लेक सगळ्यांदेखत सांगत होती, तिथं एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

५

"बगा," भावजी म्हणाले.

मी बघत होते. आणि बघता बघता एक गोष्ट मनाला टोचली. कुत्र्याच्या पावलांची रांग सोडली तर त्या वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फरशी पुसावी तशी सपाट. मी विचारलं, वीरधवल इथून गेला आणि आला, मग त्याची पावलं कुठायत?

"लाटंनं पुसली आसत्याल."

"लाट इथवर आली हुती?"

"आली आसंल की."

"कवा, भावजी?"

ते वाळूकडं बघायला लागले. पहाटे वाळू मोकळी होती म्हणतात, आत्ताही मोकळी आहे. मग मधल्या वेळात समुद्र इथवर येऊन, पावलं पुसून, परत तिकडं लांब कधी गेला? मी खालच्या पायरीला हात लावला. दगडाची भेग अजून ओली होती आणि तिच्यात समुद्रातल्या शेवाळाचा हिरवा दोरा अडकला होता.

मी त्यांच्याकडून मोबाइल मागून घेतला आणि फोटो नीट पाहिला. सकाळी सगळ्यांनी वाळू पाहिली होती. मी आता वरचं आभाळ पाहिलं. समुद्राच्या रेषेवर, अगदी टेकलेला, वाटोळा पूर्ण चंद्र होता. मावळत होता.

मला तो दिवस लख्ख आठवला. आमच्याकडं गुरुचरित्राच्या सप्ताहाची समाप्ती होती आणि आरतीच्या आधीच भावजींनी त्याच पहाटे आलेला हा फोटो दाखवला होता. दत्तजयंती. म्हणजे पौर्णिमा. आज अष्टमी. आज पहाटे विहिरीवर मी पाहिला तो चंद्र अर्धा होता आणि मावळत नव्हता, डोक्यावर होता.

चंद्र रोज उशिरा उगवतो, हे संकष्टीला ताट झाकून वाट बघणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तृतीयेला लवकर दिसतो, चतुर्थीला त्याहून उशिरा, आणि अष्टमीला तर मध्यरात्र होते. समुद्राचं पाणी जर चंद्राच्या मागून चालत असेल, तर ते रोज एकाच वेळेला कसं येईल?

घरी येऊन मी पारकरबाईंना फक्त हेच विचारलं. त्या नारळ खवत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "चंद्राबरोबर सरकतंच हो पाणी, रोज थोडं थोडं. पुनवेला उजाडताना ओहोटी, अष्टमीला उजाडताना भरती. आज सकाळी खडकापाशी माणूस बुडेल एवढं पाणी असणार. तिकडून कोण गेलं म्हणता?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. माझी लेक खरी होती. ओढणी छातीशी धरली होती ती थंडीनं. आणि वीरधवलनं आज समुद्र पाहिलाच नव्हता. आठवड्यापूर्वी पाहिलेला समुद्र त्यानं आज सांगितला होता.

मनावरचं ओझं उतरायला हवं होतं, ते उतरेना. कारण आता दुसरा प्रश्न उभा राहिला. ज्याचा मान, त्यानंच तोडा का दडवावा?

तेव्हा मला तो ठसका आठवला. घाटातले टायर आठवले. आणि हातातलं काम ठेवून मी वीरधवलला शोधायला निघाले. तो घरात नव्हता, वाडीत नव्हता.

६

तो किल्ल्याच्या दरवाज्यात होता. तिथं एक जुनी तोफ जमिनीत अर्धी रुतली आहे, तिच्यावर बसून खालच्या समुद्राकडं बघत होता. वाळू आणखी लांबवर उघडी पडली होती. मी शेजारच्या दगडावर बसले. चढानं दम लागला होता, तो ओसरू दिला.

"शिवांजलीनं पाणी बगितलं, बाळा," मी म्हटलं. "तू न्हाई बगितलंस."

त्यानं नाकारलं नाही. अष्टमी-पौर्णिमा मी त्याला समजावली नाही, त्याची गरजच पडली नाही. खाली मोकळी वाळू दिसत असूनही त्याला बहुधा कळून चुकलं होतं, की ताई खोटं बोलणारी नव्हे.

"तोडा कुठाय?"

"देवळात. दीपमाळंच्या कोनाड्यात. तांदळावरच हाय, मोठीआई. पानानं झाकलाय." मग तोफेवरचा गंज नखानं खरवडत तो म्हणाला, "मेडिकलला बाद झालो मी. कानात दोष निघाला."

तो आपण होऊनच सांगत गेला. धावण्यात पास झाला त्या दिवशी त्यानं घरी फोन केला होता. वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले होते. मेडिकलचा निकाल आला तेव्हा घराच्या दाराला तोरण होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता खबर सांगायचा दिवस ठरला.

"आबांम्होरं खोटं बोललो. गावाम्होरं बोललो. पर तोडा हातात धरून न्हाई जमायचं मला. वाटलं, आज तोडा घावला न्हाई तर खबर ऱ्हाईल. मग मीच कुठंतरी घावला म्हणून आणून दीन. ताईचं नाव यील आसं मनातबी न्हवतं."

"आलं न्हवं पर."

"आलं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. माणसांना फसवलं, पण ज्याला कुणी पाहिलेलं नाही अशा पूर्वजाला फसवायला धजला नाही. त्याच्यावर रागवायला मी आले होते. राग काही येईना.

त्याच पावली खाली जाऊन सगळं सांगितलं असतं तर माझी लेक सुटली असती. पण मग बाळासो भावजींनी पोराला चोर म्हणूनच पाहिलं असतं. त्याच्या तोंडून आलं तर गोष्ट वेगळी झाली असती. मी म्हटलं, "मी आता कुनाला काय सांगत न्हाई. नैवेद्य दाखवीपर्यंत तुला वेळ हाय. तवर तू बोलला न्हाईस तर मी बोलेन. मला माझी लेक हाय."

त्यानं मान हलवली. पण कशाला हलवली, ते मला कळलं नाही. उतरताना मागं वळून पाहिलं, तर तो तोफेवर नव्हता.

७

समाधी म्हणजे कंबरेएवढा चौथरा आणि त्यावर झिजलेला उभा दगड. आम्ही पोचलो तेव्हा वीरधवल तिथं नव्हता. वाटेतही दिसला नव्हता. भावजींना वाटलं, पोरगं अपमानानं कुठंतरी तोंड लपवून बसलंय. ते आणखी चिडले.

मी भाकऱ्या मांडल्या. ठेचा, कांदा, तांब्यात पाणी. यजमानांनी हात जोडले. निजामभाई खडकाच्या बाजूला पाण्यावर नजर ठेवून उभे राहिले. शिवांजली मागं एकटी उभी होती, ताठ. रडली नव्हती.

भावजींनी रिकामी ओंजळ पुढं केली आणि सुरुवात केली. जन्मलेल्यांची नावं सांगितली. रिवाजाप्रमाणं यजमान प्रत्येक खबरीला "खरं हाय" म्हणत गेले. गेलेल्यांची नावं झाली. खरं हाय. मग भावजी थांबले, त्यांनी श्वास घेतला, आणि मीही घेतला, कारण आता मला बोलावं लागणार होतं.

"थांबा, आबा."

तो वाळूवरून आला होता, पायांत काही नव्हतं. दोन्ही हातांत केळीचं पान, पानावर तांदूळ, तांदळावर तोडा. भावजींचा चेहरा उजळला. सापडला, एवढंच त्यांना दिसलं. ते बाजूला सरले आणि पोराला पुढं केलं.

वीरधवलनं पान चौथऱ्यावर ठेवलं. तोडा उचलला.

"मी वीरधवल. फौजेत गेलो म्हणून घरी सांगितलं, ती खबर खोटी. मेडिकलला बाद झालोय. तुमच्याम्होरं खोटं बोलाया लागू नये म्हणून तोडा मीच नेला. शिवांजलीताईनं न्हाई. तिला चोर म्हणवलं, तेबी माझ्यामुळं."

त्यावर कुणी तरी "खरं हाय" म्हणायला हवं होतं. खबर पुरी व्हायला ते लागतं. ते यजमानांचं काम. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ते भावजींकडं बघत राहिले.

भावजी त्या उभ्या दगडाकडं बघत होते. पेढ्यांचा विचार करत होते, की त्यांच्या स्वतःच्या न भरलेल्या छातीचा, देव जाणे. समुद्राचा आवाज येत होता. कांद्यावर एक माशी बसली, उडाली. मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

"खरं हाय," भावजी म्हणाले. अगदी हळू. मग घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खरं हाय."

वीरधवल तिथंच खाली बसला. भावजींनी त्याच्या हातातून तोडा काढून घेतला. मला वाटलं, आता ते काही बोलतील, कदाचित हात उगारतील. ते वळले आणि शिवांजलीपाशी गेले. तोडा तिच्यापुढं धरला. "तुझी खबर ऱ्हायली," म्हणाले. "सांग. मोठ्यानं सांग, ह्यास्नी ऐकू गेलं पायजे."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, वडिलांकडंही नाही. तोडा घेतला आणि सांगितलं, की ती कराडला नर्स आहे, रात्रपाळीला असते, आणि यंदा तिच्या वॉर्डातून बरीच माणसं आपल्या पायांनी चालत घरी गेली. या वेळी यजमान आपण होऊन म्हणाले, "खरं हाय." म्हणताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

निजामभाईंनी खडकावरून हाक दिली. पाणी वळलंय, निघा, म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "बाळासो, माझी डिकी आता बंद करू का? सकाळपास्नं उघडी हाय." भावजी काहीतरी पुटपुटले. नंतर ते निजामभाईंपाशी गेले आणि बराच वेळ त्यांचा हात धरून उभे राहिले. काय बोलले ते मी ऐकायला गेले नाही.

निघण्याआधी तोडा समुद्राच्या पाण्यात धुवायचा असतो. तेवढंच राहिलं होतं. वीरधवल उठायलाच तयार नव्हता, म्हणत होता, माझा हक्क नाही. भावजींनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि घेऊन गेले. आमच्याकडचं माणूस नदीत बेधडक उतरतं, पण समुद्र पायाखालची वाळू ओढून नेतो, त्याची आम्हाला सवय नाही. लाट आली, दोघंही हेलकावले. पोरानं वाकून तोडा बुडवला. भावजींनी त्याचं मनगट धरलं होतं. लाट माघारी गेली, वाळू थिरावली, तोडा धुऊन झाला, दोघं काठाला आले, वाळूवरून चालायला लागले, आणि तरी त्यांनी ते मनगट सोडलं नव्हतं.